मोहाचं फूल दारूच्या कायद्यातून बाहेर काढा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुंबई.

सन्माननीय सदस्यहो, जोहार.

मी डहाणू तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका पाड्यावर वाढलेली वारली बाई. गेली अकरा वर्षं नोकरीसाठी ठाण्यात राहते. आजी अजून पाड्यावरच आहे. फाल्गुन संपत आला की तिचा फोन येतो, "फुलं सुरू झाली, येतेस का?" दुसरं काही ती बोलत नाही. मी शनिवारी संध्याकाळची गाडी धरते, डहाणू रोडला उतरते, तिथून कासा, आणि कासाहून जे वाहन मिळेल त्याने घर गाठते.

त्या एका फोनमुळे हे पत्र लिहायला बसले आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोहाचं झाड पाहिलं असेल, पण फुलं वेचताना कोणी पाहिली असतील असं वाटत नाही. म्हणून आधी तेच सांगते.

मोहाचं फूल तोडायचं नसतं. रात्र सरता सरता ते आपणहून गळतं. पहाटे अंधारात झाडाखाली उभं राहिलं तर टपटप आवाज येत राहतो, पावसाचे मोठे थेंब पानांवर पडावेत तसा. आदल्या दिवशी आजी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ करून ठेवते. उजाडायच्या आत टोपली घेऊन बसायचं, कारण उशीर केला तर गुरं खातात, आणि ऊन चढलं की फूल जमिनीला चिकटतं. फूल द्राक्षाएवढं, पिवळसर पांढरं, आतून पोकळ आणि रसाने टच्च भरलेलं. पहिल्या दिवशीचं पहिलं ओंजळभर फूल घरात येत नाही. ते झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं, हात जोडायचे, मग टोपली उचलायची. आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिला वाकता येत नाही, म्हणून ती बसून बसून सरकते आणि एकेक फूल उचलते. दोन तासांत तिची टोपली माझ्याआधी भरते.

मग ती अंगणात पसरायची. चार-पाच दिवसांत फूल मनुक्यासारखं लाल होतं, सुकतं, सगळ्या पाड्यावर त्याचा गोड, जड वास बसतो. महालक्ष्मीची जत्रा भरेपर्यंत कणगीत फुलं गेलेली असतात. पुढे पावसात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा, ती बाहेर निघतात. उकडून खायची, भाजून कुटून नागलीच्या पिठात मिसळायची, तिळाबरोबर कुटून लाडू वळायचे. फुलांनंतर फळं येतात, त्यांची भाजी होते. बियांचं तेल काढतात. हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं. लहानपणी पौषातल्या सकाळी चुलीपाशी ठेवलेली तेलाची बाटली मी हळूहळू पातळ होताना बघत बसायचे. त्याच तेलात भाजी, तेच भेगाळलेल्या टाचांना, तेच दिव्यात. तेल काढून उरलेली पेंड धुरासाठी. एका झाडातून एवढं सगळं येतं.

कोणता मोह कोणाच्या घरचा हे पाड्यावर प्रत्येकाला ठाऊक असतं. झाड रानात असेल, बांधावर असेल, कागदावर कोणाच्याही नावाचं असेल, पण आमच्या तीन मोहांखाली दुसऱ्या घरचं माणूस टोपली घेऊन बसत नाही. आजीला हे मोह तिच्या सासूने दाखवले, आजीने आईला. आईने मला दाखवले तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते.

या फुलाची ओळख सरकारदरबारी मात्र एकच राहिली आहे, दारूचा कच्चा माल.

मी सहावीत असताना बाबांनी सुकलेल्या फुलांचं एक पोतं सायकलवर बांधलं. मामाच्या पाड्यावर लग्न होतं, तिथे द्यायचं होतं. वाटेत एका नाक्यावर एका सरकारी माणसाने सायकल थांबवली. पोतं खाली उतरवलं, फुलं रस्त्यावर ओतली, आणि परवाना विचारला. बाबांकडे परवाना नव्हता. आपल्याच झाडाची फुलं मेव्हण्याच्या घरी न्यायला परवाना लागतो हे त्यांना माहीतही नव्हतं. एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला. बाबांना सही येत होती, चौथीपर्यंत शिकलेले होते, पण त्यांना कोणी विचारलं नाही. संध्याकाळी ते रिकामी सायकल घेऊन घरी आले. आईने विचारलं, पोतं कुठे? तर म्हणाले, पडलं. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी खरं काय झालं ते सांगितलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याच्या हातात जो कायदा होता त्याप्रमाणे तो वागला. मला विचारायचं आहे ते त्या कायद्याबद्दल.

हा कायदा आला कुठून? आमचा डहाणू तालुका तेव्हा ज्यात होता त्या ठाणे जिल्ह्यापुरतं सांगायचं, तर १८७८ साल महत्त्वाचं. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. हिंदुस्थानच्या वन कायद्याने रान राखीव केलं, आणि मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने घरगुती भट्टी बंद करून दारू गाळायचा हक्क सरकारच्या आणि मक्तेदारांच्या हाती दिला. ताडाच्या झाडागणिक कर बसला. रानाच्या बंदोबस्तावरून ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली त्यासाठी आयोग नेमावा लागला. अबकारीचं उत्पन्न सरकारला सोडवत नव्हतं. पण अडचण अशी होती की मक्त्याची दारू महाग, आणि घराघरात फुलांची कणगी भरलेली. माणूस दुकानात कशाला जाईल?

म्हणून १८९२ साली खास मोहासाठी कायदा आला. म्हौरा ॲक्ट असंच त्याचं नाव. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर, विकण्यावर बंधनं आली. त्याच काळात उरणला मोठमोठ्या भट्ट्या चालत होत्या आणि त्यांत मोहाचीच दारू निघत होती. ती दारू मुंबईला जायची, जिल्ह्यातल्या दुकानांत यायची. म्हणजे फूल तेच, दारू तीच. मक्तेदाराच्या भट्टीत गेलं की महसूल, वारल्याच्या कणगीत राहिलं की गुन्हा. ज्याची त्या दुकानात जायची इच्छा नव्हती, ज्याला ते फूल फक्त खायचं होतं, त्याच्यासाठी कायद्यात जागाच ठेवलेली नव्हती.

मला हा इतिहास शाळेत कोणी शिकवला नाही. आमच्या पुस्तकात मिठाचा सत्याग्रह होता, आणि तो मी पाठ केला होता. इंग्रजांनी मिठावर कर बसवला म्हणून सगळा देश उठला, हे वाचताना ऊर भरून यायचा. पण मिठासारखंच आमचं फूल आमच्या अंगणातून उचलून नेलं होतं हे मला तिसाव्या वर्षी कळलं. तेव्हा बाबा हयात नव्हते. त्या रिकाम्या सायकलचा अर्थ त्यांना सांगायचा राहून गेला.

स्वातंत्र्य आलं. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. तो करणारी माणसं चांगल्या हेतूची होती, मला त्याबद्दल शंका नाही. पण मोहाच्या फुलाकडे बघायची इंग्रजांची नजर त्या कायद्यात तशीच उतरली. फूल पुन्हा दारूच्याच कायद्यात. बाबांना ज्याने अडवलं तो या स्वतंत्र देशाचा माणूस होता, आणि शंभर वर्षांपूर्वी मक्तेदाराचा धंदा राखण्यासाठी बसवलेली चौकी तो राखत होता.

या काळात पानात काय उरलं तेही पाहा. आमच्या शेजारच्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी भागात, १९९२-९३ साली कुपोषणाने लहान मुलं गेली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतली गोष्ट. तुमच्या सभागृहात त्यावर चर्चा झाली, पथकं आली, योजना आल्या. आज आमच्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून गरोदर बायकांना जेवण मिळतं, मुलांना अंडी-केळी मिळतात, आणि ते मिळायलाच हवं. मोहाचं फूल असतं तर कुपोषण झालं नसतं असं मी म्हणणार नाही. भुकेमागे जमीन आहे, मजुरी आहे, भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आहेत. पण पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांसाठी आमच्या लोकांनी जे अन्न साठवून ठेवायची रीत घातली होती, त्यावर सरकारने शंभर वर्षं पोलिसी नजर ठेवली, आणि मग त्याच महिन्यांत मुलांची वजनं घ्यायला पथकं पाठवली. या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडून पाहिला का? आईच्या वयाच्या बायकांना मी विचारलं, फुलं खायची का सोडली? एकीने सांगितलं, "लोक म्हणायचे, यांच्या घरात दारू आहे." आमच्या वासाची आम्हालाच लाज वाटायला लावली. मी स्वतः आश्रमशाळेत डब्यातला मोहाचा लाडू लपवून खाल्ला आहे.

आता दारूबद्दल बोलते, कारण ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

आमच्यात दारू आहे. लग्नात आहे, मरणाच्या विधीत आहे. पहिली धार पूर्वजांना आणि देवाला वाहिल्याशिवाय कोणी पीत नाही, ही रीत आहे. आणि दारूने मोडलेली घरंही आमच्यात आहेत. माझा काका दारूने गेला, चाळिशीच्या आत. पण काका ज्या दारूने गेला तिच्यात मोहाचं एक फूल नव्हतं. काळा गूळ आणि नवसागर होता. फुलांवर पहारा बसला तेव्हा दारू थांबली नाही, ती फुलाशिवाय व्हायला लागली. तिला ना ऋतू, ना विधी, ना पहिल्या धारेचा मान. बारा महिने, प्लास्टिकच्या पिशवीत.

आणि दारूचं काय करायचं हे आदिवासींना कळत नाही, त्यांच्या वतीने कोणीतरी ठरवलं पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांना मी १९२२ सालची आठवण करून देते. त्या वर्षी पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून देवीचा संचार सुरू झाला. देवी अंगात यायची आणि सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूचे गुत्ते चालवणाऱ्या सावकार-जमीनदाराच्या शेतावर कामाला जाऊ नका. किनाऱ्यावरून ती डोंगरात गेली, तिथून दक्षिण गुजरातेत पसरली, आणि हजारो आदिवासींनी दारू सोडली. कोणा अधिकाऱ्याने परिपत्रक काढलं नव्हतं, कोणी बाहेरचा सुधारक आधी आला नव्हता. जे दारूच्या कर्जात जमीन गमावत होते त्यांनीच दारूचं कर्ज तोडायची वाट काढली. त्याने अबकारीचं नुकसान झालं आणि सरकार अस्वस्थ झालं, हेही लक्षात घ्या. लोकांनी दारू सोडावी ही त्या सरकारची इच्छा कधी नव्हतीच. अलीकडचं उदाहरण गडचिरोलीचं. तिथली दारूबंदी १९९३ साली आली ती गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, वर्षानुवर्षं लढा दिल्यावर.

म्हणून मी ‘मोहाची दारू मोकळी करा’ असं लिहीत नाही. काही तरुण मुलं तसं म्हणतात, त्यांच्याशी माझा वाद होतो. आणि ‘मोहाची दारू बंदच ठेवा’ असंही मी लिहीत नाही. हा निर्णय पाड्यापाड्याने घ्यायचा आहे, आणि ही काही माझी मागणी नाही, तुमचाच कायदा आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दोन्ही हक्क देतो. मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा त्यांचं नियमन करायचा अधिकार, आणि गौण वनोपजाची मालकी. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं हा आमचा हक्क म्हणून लिहून दिला. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्राने २०१४ साली पेसाचे नियमही केले. मग १८९२ ची ती नजर अजून राज्याच्या कायद्यात का राहावी?

२०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. ती बातमी मी आजीला फोनवर वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे आता पोतं न्यायला हरकत नाही?" मी म्हटलं, नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. त्या निर्णयासाठी ज्यांनी प्रयत्न केले त्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. पण शासन निर्णय हा शासन निर्णय असतो. एका सरकारने काढला, दुसरं मागे घेऊ शकतं. आणि नाक्यावरच्या माणसाला तो ठाऊक असेलच असं नाही. आजही पाड्यावरच्या बायका बाजारात फुलं न्यायची तर पोत्यात वर कडधान्य आणि खाली फुलं भरतात. भीती एका कागदाने जात नाही. म्हणून मी तुमच्याकडे आले आहे, कारण कायदा तुम्हीच बदलू शकता.

हे आत्ताच का? कारण फुलावर आता दुसऱ्या कोणाची तरी नजर पडली आहे, आणि ती पुन्हा तशीच आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गोव्याला गेले होते. एका दुकानात काचेच्या कपाटात मोहाच्या दारूची बाटली दिसली. सुंदर बाटली, जाड काच, लाकडी बूच. किंमत हजाराच्या पुढे. चिठ्ठीवर पांढऱ्या रंगात आमची माणसं काढली होती, गोल धरून नाचणारी. मी ती बाटली हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. तारपा नाचात तारपा हे वाद्य फुंकणारा तारपेवाला मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. या चित्रात तारपेवालाच नव्हता. नुसतं वर्तुळ. ज्याने काढलं त्याला ती फक्त नक्षी वाटली असणार. मैत्रिणीने विचारलं, "तुमच्याकडचीच ना ही?" मला काय उत्तर द्यावं कळलं नाही.

चित्रांच्या बाबतीत हे आम्ही आधी पाहिलं आहे. लग्नाच्या चौकात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायचं चित्र १९७० नंतर कागदावर आलं, जगभर गेलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या सगळ्या पाड्यांवर आनंद झाला. पण त्यापाठोपाठ तीच चित्रं चहाच्या कपावर, पडद्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर छापली गेली आणि काढणाऱ्याला कोणी विचारलं नाही. भौगोलिक मानांकन मिळेपर्यंत २०१४ साल उजाडलं. तोवर छपाईची यंत्रं फार पुढे निघून गेली होती. फुलाच्या बाबतीत तसं होऊ नये.

आणि बाजार वेगाने येतो आहे. छत्तीसगडच्या आदिवासींनी वेचलेली सुकी मोहफुलं २०२१ साली फ्रान्सला निर्यात झाली. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आणि ती गाळायचं काम आदिवासी बचत गटांना दिलं. गोव्याने काजूच्या फेणीसाठी २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवलं, पुढे २०१६ साली आपल्या कायद्यात तिला वारसा मद्याचा दर्जा दिला. महाराष्ट्रातही आज ना उद्या कोणीतरी असा प्रस्ताव घेऊन तुमच्याकडे येईल. त्यात रोजगाराचे आकडे असतील, पर्यटन असेल, परकीय चलन असेल. मी बाजाराच्या विरोधात नाही. माझा पगार बाजारातूनच येतो. केंद्राने २०२० साली सुक्या मोहफुलांचा हमीभाव किलोला ३० रुपये केला, त्याआधी तो १७ होता. गोव्यातल्या त्या एका बाटलीच्या पैशांत आजीची चाळीस किलो सुकी फुलं यायची. चाळीस किलो सुकी फुलं म्हणजे किती पहाटा, हे तिलाच विचारा.

मला काळजी वाटते ती क्रमाची. इंग्रजांनी फुलात फक्त दारू पाहिली आणि ते आमच्याकडून काढून घेतलं. आता जग फुलात फक्त दारू पाहतं आहे आणि म्हणून ते आमच्याकडून विकत घ्यायला निघालं आहे. भाव चढला की कणगी रिकामी होते. नागलीचं असं झालेलं आम्ही पाहिलं. शहरात नाचणीच्या बिस्किटांना मागणी आली, आणि पाड्यावरच्या पोरांच्या हातात मैद्याच्या बिस्किटांचा पुडा आला. फुलं दारूच्या कारखान्याला आणि घरी रेशनचा तांदूळ, असं झालं तर मी गोव्यातल्या त्या चिठ्ठीवरच्या चित्राबद्दल तक्रार करून काय उपयोग?

आणि झाडंच राहिली नाहीत तर हे सगळं बोलणं फुकट. आमच्या जिल्ह्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग गेला, मुंबई-बडोदा महामार्ग गेला, वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर येतं आहे. त्या प्रत्येकाबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच सांगते की मोह लावला तर फुलायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि नात्यातल्या एका घराचे दोन मोह रस्त्यात गेले तेव्हा त्या घरातल्या म्हातारीने तीन दिवस चूल पेटवली नाही. घरात कोणी गेल्यासारखं.

सन्माननीय सदस्यहो, माझं मागणं फार मोठं नाही. राज्याच्या दारूबंदी कायद्यातून मोहाचं फूल काढून टाका. दारू गाळण्याबद्दलची तुमची कलमं तशीच ठेवायची असतील तर ठेवा, पण फूल हे अन्न आहे, वनोपज आहे, असं कायद्याच्या भाषेत लिहा. परवाना, साठ्याची मर्यादा, वाहतूक पास, यातलं काहीही आदिवासी कुटुंबाच्या कणगीला आणि पोत्याला लागू होणार नाही, हे शासन निर्णयात न ठेवता कायद्यात आणा.

अंगणवाडीत मोहाचे लाडू द्या. ते करायला बाहेरचा ठेकेदार नको, पाड्यावरच्या बायका करतील. आश्रमशाळेतल्या मुलांच्या ताटातही ते येऊ देत. शाळेनेच दिलेला लाडू कोणाला लपवून खावा लागणार नाही.

आणि मोहाच्या बाटलीचा प्रस्ताव जेव्हा येईल तेव्हा त्यावर सही करण्याआधी ग्रामसभांना विचारा. सोय म्हणून नव्हे, पेसाप्रमाणे तो त्यांचा अधिकार आहे म्हणून. एखादा पाडा हो म्हणेल, एखादा नाही म्हणेल. आमच्या पाड्यावर विचारलं तर बायका नाहीच म्हणतील असा माझा अंदाज आहे, काकाच्या आणि त्याच्यासारख्या आणखी तिघांच्या आठवणीने. शेजारचा पाडा कदाचित हो म्हणेल. दोघांचंही म्हणणं तितकंच खरं धरा. जिथे हो असेल तिथे गाळणारे, विकणारे, नाव लावणारे, नफा घेणारे तिथलेच असतील असं बंधन घाला, आणि आधी घरची कणगी, मग विक्री, हा हिशेब ग्रामसभेला करू द्या.

तुमचं अर्थसंकल्पीय अधिवेशन मुंबईत मार्चमध्ये भरतं. तुम्ही सभागृहात बसलेले असता त्याच आठवड्यांत आमच्याकडे फुलं पडत असतात. यंदाच्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी हा विषय मांडावा, पक्ष कोणताही असो. अनुसूचित क्षेत्रातून निवडून आलेल्या सदस्यांना तर मी हक्काने सांगते, तुमच्याही आजीने फुलं वेचली आहेत.

मी त्या महिन्यातल्या रविवारी पाड्यावरच असेन. आजीने तीन मोहांपैकी मोठा मोह यंदा माझ्या मुलीला दाखवायचा ठरवला आहे. ती सहा वर्षांची आहे.

आपली,
डहाणू तालुक्यातील एक वारली बाई